दुरून पाहावे असे रान
(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातील मुलामुलींची सहल यापुढे दरवर्षी एखाद्या अभयारण्यात न्यावी, असा विचार कार्यकारिणीपुढे असल्याचे समजले. विचार उत्तम आहे. म्हणून आजच्या भाषणासाठी मी हाच विषय घेतला आहे. आपल्या बेळगाव-निपाणी भागातून कोणकोणती राने, धबधबे आणि गुहा पाहता येतील, आणि त्या कशा पाहाव्यात, असे त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सोपा आहे. माझा भर दुसऱ्या भागावर राहील.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. 'राष्ट्रीय उद्यान' म्हटले की कित्येकांच्या डोळ्यांसमोर फुलझाडांचे ताटवे आणि बसावयाचे बाक उभे राहतात. तसे ते उद्यान नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानाला दोन प्रकारचे संरक्षण दिले. अभयारण्यात माणसाचे काही जुने हक्क, गुरे चारणे वगैरे, अटींवर चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात तेही राहत नाहीत. तेथे झाडाने पडावे, कुजावे आणि त्यातूनच पुन्हा रुजावे. माणसाने फक्त बघावे, आणि तेही परवानगीने. ही कल्पना जगात प्रथम 1872 साली अमेरिकेत यलोस्टोन येथे अमलात आली. आपल्या देशात 1936 साली हिमालयाच्या पायथ्याशी पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते जिम कॉर्बेट ह्यांच्या नावाने ओळखले जाते.

आपल्याकडील सधन मंडळी वाघ पाहावयास कान्ह्याला जातात, सिंह पाहावयास गीरला जातात. अवश्य जावे. पण घरच्या देवाला विसरून परगावच्या देवाला नवस बोलण्यासारखे ते होऊ नये. आपण राहतो ते गाव सह्याद्रीच्या उंबरठ्यावर आहे. येथून दिवसभराच्या अंतरात तीन राज्यांची राने आहेत.

निपाणीकरांपासून सुरुवात करतो. निपाणीहून देवगडकडे जाणारा रस्ता राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट असा उतरतो. दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव जंगल होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेले राधानगरीचे धरण त्याच्याच कुशीत आहे. 1958 साली दाजीपूरला अभयारण्य झाले, 1985 साली त्याचा विस्तार होऊन ते सुमारे 351 चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य बनले. जेथे बंदुका चालत होत्या तेथेच गव्याला अभय मिळाले, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. गवा हा काही रानरेडा नव्हे. तो रानातला बैल. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 800-900 किलोंच्या घरात जाते. अंग काळेभोर, आणि चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, जणू पायमोजे घातलेले. इतका अवजड प्राणी, पण झाडीत शिरला की पाचोळाही वाजत नाही. ज्याने तो एकदा पाहिला त्याला पुन्हा 'गवत खाणारे ते गरीब' असे म्हणवणार नाही.

बेळगावकरांना दक्षिणेचे रान जवळ. खानापूर, लोंढा ओलांडले की दांडेली. दांडेलीचे अभयारण्य 1956 चे, त्याला लागून असलेले अणशीचे राष्ट्रीय उद्यान 1987 चे. 2007 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. येथे वाघ आहे, काळा बिबट्याही आहे. पण ते दिसतीलच अशी हमी कोणी देऊ नये. मुलांना दाखवण्याजोगा पक्षी मात्र येथे आहे. तो म्हणजे मोठा धनेश. त्याच्या संसाराची रीत ऐकण्यासारखी आहे. मादी अंडी घालावयास झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी एकच फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर वडाची, उंबराची फळे आणून त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. नर मारला गेला, तर आत कोंडलेल्या साऱ्या कुटुंबावर उपाशी मरण्याची पाळी येते. एका गोळीने एक पक्षी मेला असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात एक घर बुडते. शिवाय ज्या ढोलीत हा संसार मांडावयाचा ती जुन्या, जाडजूड झाडालाच असते. असे झाड तोडून त्याच्या जागी दहा रोपे लावली, तरी त्या रोपांना ढोल पडेपर्यंत धनेशाने राहावे कोठे?

ह्याच रानात कवळ्याच्या गुहा आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. थेंब पडतो, पाणी जाते, चुन्याचा कण उरतो. असे कण साचत साचत तेथे एक शिवलिंग उभे राहिले आहे आणि भाविक त्याची पूजा करतात. ते घडवावयास पाथरवट आला नव्हता, आणि एका हाताच्या धक्क्याने मोडले तर पुन्हा घडवावयासही कोणी येणार नाही.

पश्चिमेला गोव्यात मोले येथे राष्ट्रीय उद्यान आहे. 107 चौरस किलोमीटरांचे हे उद्यान भगवान महावीर अभयारण्याच्या गाभ्यातले. 310 मीटर उंचीचा दूधसागर ह्याच परिसरात कोसळतो. कॅसलरॉकहून कुळ्याकडे जाणारी आगगाडी त्याच्या अगदी समोरून जाते, आणि गाडीच्या खिडकीतून तो पाहणे हा एक सोहळाच आहे. पण खिडकीतून पाहण्यात समाधान नाही म्हणून रुळांवरून, बोगद्यांतून चालत जाणाऱ्या तरुणांची गर्दी दर पावसाळ्यात वाढत गेली. 2023 च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी अशा तरुणांना पकडून उठाबशा काढावयास लावल्या. आपण हसलात. मीही ती बातमी वाचून हसलो. पण त्या बोगद्यातून त्याच वेळी गाडी आली असती तर ती बातमी हसण्याची राहिली नसती.

येथपर्यंत पाहण्याची स्थळे सांगितली. आता ती आपल्याशी कशी जोडलेली आहेत ते पाहू, कारण त्यावाचून 'कसे पाहावे' ह्याचे उत्तर मिळत नाही.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. महादेवाच्या देवळाशी असलेल्या गुहेतून पाणी बाहेर येते आणि त्याची नदी होते. 2020 साली संशोधकांनी येथील पाण्यातल्या एका लहानशा माशाची जात विज्ञानाला नवी असल्याचे जाहीर केले आणि नदीचेच नाव त्याला दिले. पुढल्याच वर्षी, 2021 साली, महाराष्ट्र सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. शेकडो वर्षे यात्रेकरू ज्या पाण्यात पाय धुतात, त्याच पाण्यात जगाला माहीत नसलेला जीव सुखाने नांदत होता. देवस्थान म्हणून लोकांनी ते पाणी जपले, त्याचा लाभ माशालाही झाला. ही हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे पाजीत येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. ती घटप्रभा गोकाकला 52 मीटर, म्हणजे सुमारे 170 फूट खाली उडी घेते. 1887 साली ह्याच पाण्याच्या बळावर तेथे सूतगिरणी चालू झाली. म्हणजे आंबोलीच्या गुहेतला थेंब गोकाकला धबधबा होतो, गिरणी चालवतो, आणि मग कृष्णेतून पूर्वसमुद्राला जातो.

निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलाखालून वाहणारी वेदगंगा अशीच सह्याद्रीच्या रानातून येते. खानापूर तालुक्यात तर मोठी मौज आहे. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, आणि देगावच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेला वळून गोव्याची मांडवी होते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. त्या म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्ये लवादापुढे गेली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा झाला. पाण्याची वाटणी कोणाला किती, ह्यावर मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. एवढेच म्हणतो की पाणी वाटून घेण्यापूर्वी ते असावे लागते, आणि ते असते ते रानामुळे. रानातला पालापाचोळा आणि मुळे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि पुढे महिनोन् महिने थोडे थोडे सोडतात. आपल्या निपाणीची विडीसुद्धा टेंभुर्णीच्या पानावाचून वळता येत नाही, आणि ते पान रानातच मिळते. व्यापारी बंधूंनी हे लक्षात घ्यावे.

आता भीमगडाकडे वळतो, कारण आज मला जे सांगावयाचे आहे ते तेथेच आहे. शिवकालीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या किल्ल्याभोवतीचे, खानापूर तालुक्यातील सुमारे 190 चौरस किलोमीटरांचे रान 2011 च्या डिसेंबरात अभयारण्य झाले. म्हादईचा जन्म ह्याच रानात. येथे तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. 1912-13 च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी चालवली होती. त्या पाहणीत प्रेटर ह्यांना ह्या गुहेत एक वटवाघूळ आढळले. मोठाले कान, तपकिरी अंग, मानेभोवती फिकट पट्टा आणि पडद्यातून बाहेर आलेली मोकळी शेपटी. लंडनच्या ओल्डफील्ड टॉमस ह्यांनी 1913 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि वनखात्यातील निवृत्त अधिकारी रॉटन ह्यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे ह्या जातीची जगाला माहीत असलेली वसाहत एकच होती, आणि ती आपल्या खानापूर तालुक्यात. 2000 च्या सुमारास मेघालयात आणि कंबोडियात हीच जात आढळली. तरीही ती अत्यंत दुर्मिळ आहे. वाघाला आणि हत्तीला कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, तिच्यातच ह्या मूठभर वटवाघळालाही मिळाले.

असे काही ऐकले की पहिला विचार मनात येतो, तो 'चला, जाऊन पाहू' हा. मुलांच्या मनात तर तो येणारच. माझे म्हणणे असे की येथे जाऊ नये. का, ते सांगतो.

वटवाघळे दिवसा गुहेत विसावतात आणि रात्री किडे टिपावयास बाहेर पडतात. पाखरांप्रमाणे ती चार-सहा अंडी घालीत नाहीत. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होते आणि ते आईच्या अंगाला चिकटून असते. गुहेत माणसे शिरली, टेंभे पेटवले, बोलली, विजेऱ्या फिरवल्या, की सारा थवा घाबरून उडतो. त्या गडबडीत पिल्लू खाली पडले तर ते बहुधा वाचत नाही. असे वारंवार झाले की थवा ती गुहाच सोडतो. गावातल्या पिंपळावरून उडालेली वाघळे दुसऱ्या पिंपळावर बसतील. पण ज्यांना सोयीची गुहाच एखाददुसरी, त्यांनी जावे कोठे?

परदेशातील एक उदाहरण देतो. अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. जगातील सर्वांत लांब गुहा म्हणून तिची ख्याती आहे. 2006 साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. तो रोग गुहेमागून गुहा पसरला आणि लाखो वटवाघळे मेली. तो मुख्यतः वटवाघळांतच पसरतो, पण बुरशीचे बीज माणसाच्या बुटांना आणि कपड्यांनाही चिकटून जाऊ शकते. म्हणून मॅमथ केव्हमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला औषधात भिजवलेल्या पायपोसावरून चालत जावे लागते. काही गुहा पाहावयास खुल्या आणि काही पूर्ण बंद, अशीही व्यवस्था अमेरिकेत जागोजाग आहे. सुदैवाने तो रोग आपल्याकडे आल्याचे ऐकिवात नाही. पण पाहण्याची हौस आणि जपण्याची जबाबदारी ह्यांची सांगड कशी घालावी, हे त्यातून शिकता येते.

आपल्याकडे म्हण आहे, 'दुरून डोंगर साजरे'. आपण ती टोमणा म्हणून वापरतो. रानाच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः पाळण्याजोगी आहे. गवा दुरून पाहावा, धनेशाची ढोल दुरून पाहावी, धबधबा दुरून पाहावा. आणि बारापेड्याची गुहा? ती न पाहताच तिचा अभिमान बाळगावा. आपल्या घरात बाळंतिणीची खोली असते, पाहुणा तिच्यात डोकावत नाही. त्याने न डोकावण्यात घराचा मान असतो आणि पाहुण्याचाही.

धबधब्यांविषयी हे अंतर राखणे माणसाच्याच जिवासाठी आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये किटवाडच्या धबधब्यावर सहलीस गेलेल्या बेळगावच्या चार तरुण मुली पाण्यात बुडून मरण पावल्या. ती दुःखद घटना आपणांपैकी कोणी विसरले नसेल. धबधब्याखालचा खडक शेवाळाने निसरडा असतो. पाणी वरून शांत दिसते, पण पडत्या धारेने खाली खोल डोह कोरलेला असतो. डोंगरमाथ्यावर पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. हल्ली हातात मोबाईल घेऊन पाठ पाण्याकडे आणि तोंड स्वतःकडे करण्याची रीत पडली आहे. ज्याला पाहावयास आलो त्याच्याकडेच पाठ! गोकाकचा धबधबा, मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबा, जांबोटीजवळचा वज्रपोहा, हे सारे जुलै ते सप्टेंबरात भरात असतात, आणि धोकाही त्याच दिवसांत अधिक. म्हणूनच वनखाते आणि पोलीस पावसाळ्यात कित्येक ठिकाणी बंदी घालतात. ती बंदी म्हणजे आपल्या आनंदावरचा कर नव्हे.

आता एका अवघड गोष्टीला हात घालतो. आपण रान पाहावयास जातो आणि संध्याकाळी घरी येतो. पण भीमगडच्या रानात तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव अशी गावे आहेत. तेथील बहुतेक माणसे आपलीच भाषा बोलतात. 2024 च्या पावसाळ्यात आमगावातील एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून कित्येक किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणले. पक्का रस्ता व्हावा तर रान तुटते, न व्हावा तर माणूस दगावतो. भरपाई घेऊन बाहेर यावे, अशी योजना सरकारने पुढे ठेवली आहे. काहींना ती हवी आहे, काहींना वाडवडिलांचे गावदेव सोडवत नाहीत. शहरात बसून त्यांना 'रान राखा' म्हणणे सोपे आहे.

आणि त्यांना विसरून रान राखले जात नाही, ह्याचाही दाखला जवळच आहे. भीमगडाला लागून गोव्याचे म्हादई अभयारण्य आहे. 2020 च्या जानेवारीत तेथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषबाधेने मेलेले सापडले. वाघाने गाईगुरे मारल्याच्या रागातून हे घडले, असे तपासात पुढे आले. विष घालणे हा गुन्हाच आहे. पण ज्याची दुभती गाय गेली त्याला भरपाई वेळेवर मिळते की नाही, ह्याची चौकशी आपल्यापैकी कितीजण करतात? वाघाचे कौतुक साऱ्या देशाने करावयाचे आणि त्याच्या जेवणाचा खर्च एका गरीब गवळ्याने द्यावयाचा, हा हिशेब जुळत नाही.

ह्यावरून सहलीसंबंधी मी कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवतो. पसंत पडल्या तर स्वीकाराव्यात.

पहिली सहल नदीची करावी. सकाळी आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम, वाटेत आजऱ्याजवळ रामतीर्थ, दुपारी संकेश्वर, आणि दुसऱ्या दिवशी गोकाक. आपण पितो ते पाणी कोठून येते, हे मुलांना पायी चालत कळू द्यावे. दुसऱ्या वर्षी दाजीपूर किंवा दांडेली. तेथे वनखात्याची परवानगी आणि तेथलाच वाटाड्या ह्यांवाचून आत जाऊ नये. वाटाड्याला मजुरी योग्य द्यावी, आणि जेवण गावातल्या घरी सांगावे. भाकरी, आमटी आणि भात ह्यांनी कोणाचे पोट बिघडत नाही, आणि चार पैसे रान राखणाऱ्याच्या चुलीपर्यंत पोचतात. गाणी लावण्याची पेटी बसमध्येच ठेवावी. जे बरोबर नेले ते सारे परत आणावे, शेंगांची टरफलेसुद्धा. धबधबा पाहताना पाण्यात उतरावयाचे नाही, ही अट पालकांच्या सहीनेच ठरवून घ्यावी. बारापेड्याला बस नेऊ नये. त्याऐवजी त्या वटवाघळाचे एक मोठे चित्र आणि त्याची हकीगत वसतिगृहाच्या वाचनालयात लावावी.

सहलीच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला ठेवून रानातल्या गावांतील एक-दोन मुलांना आपल्या वसतिगृहात घेता आले, तर फार मोठे काम होईल. आपली मुले त्यांच्याकडे चार तासांची पाहुणी म्हणून जाणार, त्यांच्या मुलांना आपल्याकडे चार वर्षे राहता यावे. त्यांच्यातलाच एखादा उद्या वनरक्षक होईल किंवा प्राणिशास्त्राचा अभ्यासक होईल. आपल्या गुहेतल्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन लंडनमध्ये लिहिले गेले. ह्यापुढचा अभ्यास तळेवाडीच्या मुलाने लिहावा, असे मला मनापासून वाटते.

धर्मादाय संस्थेने रानाची काळजी का करावी, असे कोणी विचारील. आपले पूर्वज पाणपोया घालीत, विहिरी खणीत, वाटेवर वड लावीत. ज्याचे पाणी कोण पिणार आणि ज्याच्या सावलीत कोण बसणार हे ठाऊक नाही, अशा कामाला त्यांनी धर्म म्हटले. हिरण्यकेशी, वेदगंगा, मलप्रभा आणि म्हादई ह्यांच्या उगमांवरचे रान ही आपल्या भागातली सर्वांत मोठी पाणपोई आहे. ती जपण्याच्या कामी ह्या संस्थेचा हात लागावा, एवढीच विनंती आहे.